साफ झालं म्हणजे काय झालं?

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा. गल्लीतला दुरुस्तीवाला हेच सांगतो, हॉस्टेलमधला मित्र हेच सांगतो, यूट्यूबवर वीस मिनिटं बोलून झाल्यावर तो माणूसही शेवटी इथेच येतो. फॉरमॅट मारला की डिस्क कोरी होते, विंडोज नव्यानं टाकता येतं, दुरुस्तीवाला पैसे घेऊन मोकळा होतो. मशीन साफ झालं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, माझं पोट याच यंत्रांवर चालतं. तरीही ‘साफ झालं’ या दोन शब्दांपाशी मी अलीकडे अडखळतो. मला त्यात दोन प्रश्न दिसतात. साफ झालं, हे कळतं कसं? आणि साफ करताना जे गेलं ते जाऊ द्यायचं, हे कोणी ठरवलं? पहिला प्रश्न तांत्रिक वाटतो आणि दुसरा नैतिक. पण पहिल्याच्या मागे शेवटपर्यंत गेलं की आपण दुसऱ्याच्या दारात येऊन उभे राहतो. या लेखात तोच रस्ता चालून पाहायचा आहे.

मूळ कुठे ठेवलंय?

१९९१ साली मायकलँजेलो नावाचा व्हायरस सापडला. तो फ्लॉपीवरून पसरायचा. एरवी शांत असायचा आणि ६ मार्चला, म्हणजे त्या इटालियन कलावंताच्या जन्मदिवशी, मशीन चालू केलं की हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा. मार्च १९९२ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी याची मोठी धास्ती घेतली होती. प्रत्यक्षात नुकसान अंदाजापेक्षा फारच कमी झालं. पण व्हायरस फ्लॉप्यांवरून फिरत राहिला आणि पुण्यातही पोहोचला.

पुण्यात तेव्हा कैलास काटकर यांचं दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, दहावीनंतर शिक्षण सुटलेलं, कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटरकडे वळलेले. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटरचं शिक्षण घेत होते. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसच्या तक्रारी वाढत गेल्या, तसे संजय ते काढायचे छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. त्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमांपैकी एक मायकलँजेलोवर होता. १९९५ मध्ये यातूनच ‘क्विक हील’ बाजारात आलं. महाराष्ट्रातल्या कित्येक पीसींच्या कोपऱ्यात दिसणारं ते चिन्ह एका दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेलं आहे.

मायकलँजेलो काढायचा कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. हार्ड डिस्कचा पहिला सेक्टर म्हणजे घराचा उंबरा. मशीन चालू झालं की ते सगळ्यात आधी तिथे काय लिहिलंय ते वाचतं आणि त्यानुसार पुढे जातं. व्हायरस त्या जागी स्वतः बसतो. पण तिथलं मूळ लिखाण फेकून दिलं तर मशीनच सुरू होणार नाही, आणि मशीन सुरू झालं नाही तर व्हायरस पसरणार कसा? म्हणून तो मूळ मजकूर उचलून डिस्कच्या सातव्या सेक्टरमध्ये ठेवतो. स्वतःचं काम झालं की ‘आता तुझं चालू दे’ म्हणून त्याच्याकडे सूत्रं देतो. मग व्हायरस काढणं म्हणजे काय? मशीन स्वच्छ फ्लॉपीवरून सुरू करायचं, सातव्या सेक्टरमधलं मूळ उचलायचं आणि पहिल्या सेक्टरमध्ये परत ठेवायचं. बस.

मला यातली गोष्ट आवडते ती ही, की व्हायरसला तुमचं मूळ हवं असतं. तुमच्याशिवाय तो जगू शकत नाही, म्हणून तो ते सांभाळून ठेवतो. आणि त्यानं सांभाळलेलं असतं म्हणूनच आपल्याला ते परत मिळवता येतं.

पण नेहमी असं होत नाही. स्टोन्ड नावाचा त्याहून जुना व्हायरसही मूळ मजकूर सातव्याच सेक्टरमध्ये ठेवायचा. एकाच डिस्कवर हे दोघं लागोपाठ आले की दुसरा पहिल्याला ‘मूळ’ समजून त्याच जागी ठेवायचा आणि खरं मूळ कायमचं पुसलं जायचं. अशा वेळी परत ठेवायला काही उरत नाही.

म्हणजे सफाईचे दोन प्रकार झाले. एकात आपण मूळ शोधून जागेवर आणतो. दुसऱ्यात सगळं पाडून नव्यानं बांधतो. पहिल्यात शंका उरते: सगळं जागेवर आलं का, काही मागे राहिलं का? दुसऱ्यात नुकसान होतं. शंका आणि नुकसान या दोन्हींपासून सुटका देणारा तिसरा प्रकार मला तरी माहीत नाही.

नांदूरघाटातलं एक मशीन

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव. तिथल्या एका दुकानात झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म, रिचार्ज, लग्नपत्रिका आणि अंगठा लावून बँकेतले पैसे काढून देणं, एवढी सगळी कामं एका पीसीवर चालतात. दुकानाचे मालक नात्यानं माझे चुलते लागतात, मी त्यांना काका म्हणतो. दिवाळीत गेलो तेव्हा त्यांनी मशीनसमोर बसवलं.

लक्षणं अशी: अँटिव्हायरस उघडतच नव्हता. टास्क मॅनेजर उघडायला गेलं की ‘बंद करण्यात आलेला आहे’ असा निरोप यायचा. सेफ मोडमध्ये जायला गेलं की मशीन परत पहिल्यापासून सुरू व्हायचं. बाकी सगळ्या वेबसाइट चालायच्या, फक्त अँटिव्हायरस कंपन्यांच्या उघडत नव्हत्या. तालुक्याहून येणाऱ्या माणसानं वर्षभरात तीनदा फॉरमॅट मारला होता. दर वेळी आठ-दहा दिवसांत सगळं पुन्हा तसंच.

व्हायरसचं नाव सॅलिटी निघालं. हा २००३ पासून माहीत असलेला, पुन्हा पुन्हा रूप बदलून येणारा चिवट प्राणी आहे. तो ज्या फाइली चालवता येतात, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ईएक्सई’ असतं, त्यांना शोधून प्रत्येकीच्या शेवटी स्वतःला चिकटवतो. फाइल चालवली की आधी तो चालतो, मग मूळ प्रोग्रॅम. पेनड्राइव्ह लावला की त्यावर उडी मारतो.

तीन फॉरमॅट होऊन तो परत का येत होता, हे शोधायला फार वेळ लागला नाही. फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हवर मारला जायचा. काकांचा सगळा डेटा डी ड्राइव्हवर होता, आणि त्याच ड्राइव्हवर ‘ड्रायव्हर’ नावाचा फोल्डर होता, ज्यात प्रिंटरची, स्कॅनरची, अंगठा लावायच्या यंत्राची जुनी सेटअप ठेवलेली होती. नवं विंडोज टाकलं की दुरुस्तीवाला पहिलं काम तेच करायचा: डी ड्राइव्हमधून प्रिंटरचं सेटअप चालवायचा. ते सेटअपच बाधित होतं. म्हणजे कोऱ्या घरात पहिलं पाऊल व्हायरसचंच पडत होतं, आणि दार उघडून देणारा घर झाडणाराच होता.

मी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, म्हणजे डिस्कवरचं विंडोज जागं न करता बाहेरून डिस्क तपासली. फोटो आणि पीडीएफ यांना सॅलिटी चिकटत नाही, त्यामुळे ते सगळे बाजूला काढता आले. त्यात काय होतं ते सांगायला हवं. आधार कार्डांचे स्कॅन, सातबारे, जातीचे दाखले, पासबुकांची पहिली पानं, पीकविम्याच्या पावत्या. ‘पुन्हा लागलं तर असावं’ म्हणून ठेवलेले. आणि पासपोर्ट फोटोंचा एक प्रचंड फोल्डर. काका म्हणाले, ‘ह्याला हात लावू नको. म्हातारं माणूस गेलं की घरचे फोटोसाठी इथंच येतात.’ श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर जो फोटो मोठा करून लावतात, तो बऱ्याचदा निराधार योजनेच्या फॉर्मसाठी काढलेला असतो. कित्येक घरांत आजीचा तो एकच फोटो असतो, आणि तो घरात नसतो, या डिस्कवर असतो.

अडचण एकाच गोष्टीची होती. काकांच्या उधारीचा हिशेब एका छोट्या प्रोग्रॅममध्ये होता. दुकानात पूर्वी कामाला असलेल्या एका पोरानं तो बनवून दिला होता. पोरगा गाव सोडून गेला, प्रोग्रॅमची दुसरी प्रत कुठेही नाही, आणि हिशेबाची फाइल त्या प्रोग्रॅमशिवाय उघडत नाही. तीन वर्षांची उधारी, अडीचशेच्या वर नावं. तो प्रोग्रॅम बाधित होता. अँटिव्हायरसनं दोन पर्याय दिले: बरा करू की उडवू?

‘आढळलं नाही’ आणि ‘नाही’

बरा करून का वापरू नये? इथे पहिला प्रश्न येतो. बरा झाला हे कळणार कसं?

१९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन हा पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस मानला जातो. त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता आणि फोन नंबरही लिहून ठेवले होते. त्याची एक युक्ती मला जास्त बोलकी वाटते. तो फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा, आणि कोणी तो सेक्टर वाचायला गेलं की दुसरीकडे लपवलेला मूळ सेक्टर पुढे करायचा. पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसायचं. म्हणजे बाधित मशीनलाच ‘तू बरं आहेस का?’ विचारलं तर उत्तर व्हायरस देतो. म्हणून डिस्क बाहेरून तपासायची.

पण बाहेरून तपासली तरी खात्री मिळते का? अमेरिकन संशोधक फ्रेड कोहेन यांनी १९८४ च्या आपल्या निबंधात याचं उत्तर ‘नाही’ असं दिलं, आणि ते सिद्ध करून दिलं. त्यांचा युक्तिवाद कॉलेजच्या पोरालाही कळेल असा आहे. समजा, एक परिपूर्ण अँटिव्हायरस आहे. कोणताही प्रोग्रॅम पाहून तो ‘हा पसरतो’ किंवा ‘हा पसरत नाही’ हे अचूक सांगतो. आता मी एक खोडकर प्रोग्रॅम लिहितो. तो सुरू झाला की आधी त्या अँटिव्हायरसलाच विचारतो, ‘माझ्याबद्दल तुझं मत काय?’ उत्तर ‘तू पसरतोस’ असं आलं तर तो गप्प बसतो. ‘तू पसरत नाहीस’ असं आलं तर पसरतो. दोन्ही उत्तरं चुकीची ठरतात. म्हणजे असा परिपूर्ण अँटिव्हायरस असूच शकत नाही. पैसे कमी पडले, हुशारी कमी पडली, म्हणून नव्हे. तर्कानंच तो अशक्य आहे.

बरं, मग फॉरमॅट? सगळं पुसलं तर शंका संपते का? पुष्कळशी संपते, सगळी नाही. २०१५ मध्ये कॅस्परस्की कंपनीनं अशा हल्ल्यांचा तपशील दिला होता ज्यात शिरकाव हार्ड डिस्कच्या स्वतःच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये होता. डिस्क कितीही वेळा पुसा, तो तिथेच. अर्थात झेरॉक्सच्या दुकानावर कोणी असं हत्यार वापरत नाही. पण मुद्दा तत्त्वाचा आहे. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक केन थॉम्पसन यांचं १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेलं ट्युरिंग पुरस्काराचं व्याख्यान याच्या तळापर्यंत जातं. प्रोग्रॅमचा कोड वाचून तो स्वच्छ दिसला, तरी तो कोड मशीनच्या भाषेत आणणारं साधनच लबाड असू शकतं, आणि ती लबाडी कोडमध्ये कुठेही दिसणार नाही, हे त्यांनी दाखवलं. शेवटी तुम्ही भरवसा प्रोग्रॅमवर ठेवत नसता, तो बनवणाऱ्या माणसांवर ठेवत असता.

अँटिव्हायरस या बाबतीत प्रामाणिक असतो. तपासणी संपल्यावर तो म्हणतो, ‘काही आढळलं नाही.’ आपण ते ‘काही नाही’ असं वाचतो. या दोन वाक्यांमधलं अंतर कोणतंही मशीन भरून काढू शकत नाही. ते माणूस भरतो, स्वतःचा शब्द देऊन. दुरुस्तीवाला ‘साफ झालं’ म्हणतो तेव्हा तो निष्कर्ष सांगत नसतो, हमी देत असतो. आणि हमी म्हटली की विचारावं लागतं: कोणाच्या जिवावर?

शंका कोणाची, नुकसान कोणाचं

काकांचं म्हणणं साधं होतं. ‘प्रोग्रॅम बरा कर, चालू दे. उधारी गेली म्हंजे मीच गेलो की रे.’ सोयाबीन विकलं की देतो, उचल मिळाली की देतो, अशा शब्दांवर दिलेले ते पैसे. हिशेब गेला तर मागायला तोंड उरत नाही.

दुरुस्त करणाऱ्याचा कल उलट असतो. त्याला फॉरमॅट आवडतो, कारण शंका उरली तर त्याच्या नावाला बट्टा लागतो आणि नुकसान झालं तर ते दुसऱ्याचं असतं. ‘डेटा गेला, पण मशीन साफ केलं’ हे वाक्य म्हणायला त्याला काहीच पडत नाही. मी इंजिनिअर असलो तरी त्या टेबलाशी बसलो की दुरुस्त करणाराच असतो, त्यामुळे हा कल मला आतून ओळखीचा आहे.

मग ठरवायचं कोणी? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे ‘ज्याचं मशीन, त्याचा निर्णय’. मलाही आधी ते पुरेसं वाटलं. पण त्या डिस्ककडे नीट पाहिलं तर मशीन काकांचं होतं आणि डिस्कवर गाव होतं. सगळं पुसलं तर नुकसान काकांचं, त्यांची उधारी जाणार. बाधित प्रोग्रॅम बरा करून ठेवला आणि तो पूर्ण बरा झालेला नसला, तर धोका त्यांना, जे उद्या त्याच मशीनवर आधार नंबर सांगणार, अंगठा लावणार, बँकेचा ओटीपी वाचून दाखवणार. नुकसान एकाचं आणि शंका दुसऱ्यांच्या डोक्यावर. निर्णयाच्या वेळी टेबलाशी मात्र फक्त काका आणि मी. ज्यांच्या डोक्यावर शंका बसणार होती, त्यांना अशी काही निवड चाललीय याचा पत्ताही नव्हता.

तंत्रज्ञानाच्या नैतिक प्रश्नांवर बोलताना आपण मोठ्या कंपन्यांबद्दल बोलतो, गूगल, मेटा वगैरे. पण हा प्रश्न त्याच घडणीचा आहे, फक्त पंधरा बाय दहाच्या दुकानातला. माहिती एकाची, यंत्र दुसऱ्याचं, दुरुस्ती तिसऱ्याच्या हातात. तिघांचं हित एक नाही.

इथे आम्ही जे केलं ते फार हुशारीचं नव्हतं. दुकानाच्या माळ्यावर एक जुना पीसी पडून होता. तो इंटरनेटला न जोडता चालू केला, बरा केलेला प्रोग्रॅम फक्त त्यावर उघडला, आणि दोन संध्याकाळी बसून उधारीचं एकेक नाव वहीत उतरवून घेतलं. काकांची मुलगी वाचायची, मी लिहायचो. मग मोठ्या मशीनचे सी आणि डी दोन्ही ड्राइव्ह पुसले, विंडोज नव्यानं टाकलं, प्रिंटरचं सेटअप कंपनीच्या साइटवरून घेतलं. जुन्या मराठी फॉन्टचं सेटअप बाधित होतं, ते गेलं. त्यामुळे जुन्या लग्नपत्रिका उघडल्या की आता मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा चुरा दिसतो. म्हणजे थोडं नुकसान झालंच. पण ते काय असेल हे आधी सांगून, ज्याचं होणार होतं त्याच्या संमतीनं झालं. आणि शंका त्या जुन्या, नेट नसलेल्या पीसीत कोंडून ठेवली, जिथे ती कोणाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचणार नाही.

न विचारता केलेली सफाई

कोणी म्हणेल, सफाई तर चांगलीच गोष्ट आहे, तिला कशाला एवढी विचारपूस? व्हायरसच्या इतिहासात याची छान उदाहरणं आहेत.

१९८८ च्या सुमारास इंडोनेशियातून डेन झुक नावाचा व्हायरस आला. त्याला फ्लॉपीवर ब्रेन सापडला तर तो ब्रेन काढून टाकायचा, आणि त्या जागी स्वतः बसायचा. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर या वर्मनं जगभर धुमाकूळ घातला, त्याच्या मागोमाग वेल्चिया आला. हा तर ब्लास्टर काढायचा, मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती उतरवून बसवायचा, आणि २००४ उजाडलं की स्वतःला पुसून टाकायचा. हेतू सज्जनाचा. पण नवी मशीन शोधण्यासाठी त्यानं इतकी रहदारी निर्माण केली की ठिकठिकाणची नेटवर्क तुंबली. लोकांची यंत्रं त्यांना न विचारता बरी करण्यात आली, आणि ती बरी करता करता बंद पडली.

यात फक्त टवाळखोर नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं न्यायालयाच्या परवानगीनं शेकडो ईमेल सर्व्हरमध्ये शिरून हल्लेखोरांनी पेरलेले प्रोग्रॅम पुसले. मालकांना कळवण्याचं काम नंतर झालं. धोका खरा होता, काम नेमकं होतं, न्यायालयाचा आदेशही होता. तरी तुमच्या घरात तुमच्या नकळत शिरून झाडू मारून गेलेल्या माणसाबद्दल काय वाटावं, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे २०१७ मध्ये केंद्र सरकारनं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. त्याची पद्धत वेगळी आहे. एखादं मशीन बाधित आहे असं कळलं की इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत ग्राहकाला निरोप जातो, आणि साफ करायचं साधन फुकट उतरवून घेता येतं. त्या साधनांमध्ये क्विक हीलचंही एक आहे. काढायचं की नाही, हे करणारा मालकच. ही पद्धत हळू आहे. निरोपाकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ असणार. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी वेल्चियात नव्हती: ती आधी सांगते.

सांगणं हा सफाईचाच भाग

इतकं सगळं झाल्यावर मशीन छान चालायला लागलं. काका खूश. माझ्या लेखी काम अर्धंच झालं होतं.

सॅलिटी नुसता पसरत नाही. बाधित मशीनचं तो आपसात जाळं बनवतो आणि त्या जाळ्यातून दुसरे प्रोग्रॅम उतरवून घेतो. त्यांत पासवर्ड चोरणारेही असू शकतात. त्या वर्षभरात काकांच्या मशीनवर काय आलं आणि काय बाहेर गेलं? हे सांगता येणार नव्हतं. ज्या खुणांवरून अंदाज करता आला असता त्या सी ड्राइव्हवर असणार, आणि तो तीनदा पुसला गेला होता. फॉरमॅट चोराला हाकलतो तेव्हा त्याच्या पावलांचे ठसेही पुसतो.

डिस्कवर जे होतं ते मी साफ करू शकत होतो. डिस्कच्या बाहेर जे गेलं असेल त्याला माझा हात पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो ज्याचं ते आहे त्याचाच हात. पासवर्ड त्यालाच बदलता येतो. आधारचं बायोमेट्रिक त्यालाच लॉक करता येतं. खात्यातून न काढलेले पैसे गेलेत का, हे त्यालाच पासबुकात पाहता येतं. पण त्याला कोणी सांगितलंच नाही, तर तो काय करणार? म्हणून मला वाटतं, सांगणं ही सफाईनंतरची सभ्यता नाही. ती सफाईतली शेवटची पायरी आहे, आणि तिच्याशिवाय बाकीच्या पायऱ्या अपुऱ्या राहतात.

मी हे काकांना म्हटलं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘मशीनला रोग होता म्हणून बोर्ड लावू का? उद्यापासून लोक समोरच्या दुकानात जातील. अन् त्याच्या मशीनला काय हाय, ते तुला तरी ठाऊक हाय का?’

या बोलण्याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं, आणि मी ते हलकं लेखत नाही. खरं सांगणाऱ्याचं गिऱ्हाईक जातं आणि गप्प बसणाऱ्याचं वाढतं, अशी व्यवस्था असेल तर एकट्या माणसाकडून सचोटी मागणं म्हणजे त्याच्याकडून दंड वसूल करणं आहे. म्हणूनच अशा गोष्टी कायद्यात लागतात. वैयक्तिक माहितीला धक्का लागला तर ती ज्याची आहे त्याला कळवावं, असं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात लिहिलं आहे. सगळ्यांनी सांगायचं ठरलं, की सांगणारा एकटा पडत नाही. पण मोठ्या शहरातल्या कंपनीला कायदा सांगायला वकील असतो. गावातल्या झेरॉक्सवाल्याला असं काही असतं हे कळायलाही पुतण्या दिवाळीला यावा लागतो.

काकांनी बोर्ड लावला नाही. पण दुकानात येईल त्याला ते आपल्या पद्धतीनं सांगू लागले, ‘मशीन खराब झालती, बँकेचा पिन बदलून घे, पासबुक भरून बघ.’ कोणी ‘बरं’ म्हणालं, कोणी ‘आमच्या खात्यात हायच काय’ म्हणून हसलं. एकदोघांनी तोंड वाकडं केलं. पंचाईत झाली ती दुसऱ्यांचीच. दसरा झाला की आमच्याकडची कित्येक घरं ऊसतोडीला निघतात. दिवाळीपर्यंत ती पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या आसपास कोपी टाकून राहिलेली असतात. या मशीनवर अंगठे लावलेले कितीतरी जण तिकडे फडात होते. काकांकडे काहींचे नंबर होते, त्यांना फोन केले. ज्यांचे नव्हते त्यांना निरोप पोहोचला की नाही, मला सांगता येणार नाही.

म्हणजे ते मशीन साफ झालं का? दोन्ही ड्राइव्ह पुसलेत, बाहेरून तपासलंय, काही आढळलं नाही. एवढं मी ठामपणे सांगू शकतो. पण ‘झालं’ हा शब्द मी अजून वापरलेला नाही. कारण त्या सफाईचा काही भाग उसाच्या फडात राहणाऱ्या माणसांच्या हातात आहे.

आपल्या सगळ्यांची कागदपत्रं अशा कुठल्यातरी डिस्कवर पडलेली आहेत. ॲडमिशनच्या वेळी ज्या दुकानातून फॉर्म भरला तिथे, ज्या सायबर कॅफेत पेनड्राइव्ह लावून रिझ्युमे छापला तिथे. मोबाइलवर वाढलेल्या पिढीला वाटतं, आपला डेटा आपल्या खिशात आहे. तो थोडाच तिथे असतो. त्यामुळे पुढच्या वेळी कोणी ‘साफ झालं’ म्हणालं तर त्याला तीन गोष्टी विचारता येतील: काय तपासलं, काय तपासलं नाही, आणि कोणाला सांगायचं राहिलंय. पहिल्या दोनांची उत्तरं चांगला दुरुस्तीवाला देईल. तिसऱ्याचं उत्तर द्यायला त्याला आधी त्या डिस्कवर कोण कोण आहे हे आठवावं लागेल.